हनुवटी धरायचं काम

शिंगाडे मी सोलत होतो आणि पंचफुला खात होती. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम हेच.

शिंगाडे उकडलेले होते, काळेकुट्ट, दोन्ही बाजूंनी काटे. पूर्वी ती दातानंच साल फोडायची. जबड्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून डाव्या बाजूला दाढा उरल्या नाहीत, आणि सोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"अजी, सोलून राहिले का तासून राहिले? अर्धा शिंगाडा सालीतच चालला."

"तुले खायाचं हाये का मोजाचं?"

"द्या मंग सालच. तेच जास्त दिसून राहिली."

अशी बोलत बोलत तिनं पोटभर खाल्ले. तोंडावर पाणी मारलं, अंगणातल्या खाटेवर कुशीवर आडवी झाली आणि घोरायला लागली. ऊन कोवळं होतं. उरलेले शिंगाडे संध्याकाळी होतील म्हणून मी बाजूला सोलत बसलो.

पुढचं शेवटी सांगतो. आधी माझं काम काय होतं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला समजणार नाही.

हा अंक काढणारे मास्तर घरी आले आणि म्हणाले, मेश्रामदादा, नोकरीतले अनुभव लिहा. मी म्हटलं, मास्तर, मी सातवी पास, तीही गुरुजींनी ढकललं म्हणून. ते म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. तर तसंच लिहितो आहे. चुकलं तर मास्तरांना बोला.

मी गोंदियात दाताजबड्याच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा वॉर्डबॉय. डोक्यावरचे केस गेले, राहिले ते पांढरे झाले, तरी बॉयच. रिटायर झालो, पण ज्या दिवशी ऑपरेशनं असतात त्या दिवशी अजून बोलावतात आणि मी जातो. घरी बसून माणूस बायकोच्या कामात चुका काढतो. त्यापेक्षा ड्युटी बरी.

लोक विचारतात, दात काढायला भूल कशाला? साधा दात हिरडीत सुई देऊन निघतो, माणूस जागाच असतो आणि छताकडे पाहात असतो. पण अक्कलदाढ आडवी रुतून बसली, जबड्यात गाठ झाली, मोटरसायकलवरून पडून जबडा मोडला, तर पूर्ण भूल द्यावी लागते. ते काम आमच्या भूलवाल्या मॅडमचं.

पूर्ण भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला डास चावला तर तो हात मारतो. भुलीतल्या माणसाचं हाड कोरलं तरी त्याला खबर नाही. आणि त्याच्या अंगातलं सगळंच सैल पडतं. गळा सैल, जीभ सैल. जीभ मागं घसरली की श्वासाची वाट बुजते. म्हणून मॅडम नाकातून नळी घालतात. तोंडात तर दातवाल्या सरांचं काम चाललेलं असतं, तिथं नळीला जागा कुठली? ऑपरेशन संपतं, नळी निघते, आणि माणूस अर्धा इकडं अर्धा तिकडं असतो. ती वेळ नाजूक. तेव्हा मॅडम सांगायच्या, "मेश्राम, हनुवटी." मग मी उशाशी बसून हनुवटी धरायची, पेशंट पुरता जागा होईपर्यंत.

हे मला मॅडमनीच शिकवलं. मला खुर्चीवर बसवलं, माझ्याच जबड्यामागं बोटं लावली आणि पुढं उचलून दाखवलं.

"दाबायचं नाही, तोंड मिटायचं नाही. असं पुढं उचलायचं. दुसरा तळहात नाकासमोर. नुसती छाती बघत बसू नका. छाती हलत असते आणि हवा जात नसते. तळहाताला वारा लागला पाहिजे."

तेवढंच माझं शिक्षण. मी डॉक्टर नाही आणि डॉक्टरच्या गप्पाही मारत नाही. मशीनवर आकडे असतात, ते मॅडम पाहतात. मी वारा पाहतो. वारा बरोबर लागला, डोळे हलायला लागले, की माझं एक वाक्य ठरलेलं. "उठा, झालं." जबडा मोडलेला दारुडा असो की दागिन्यानं मढलेली शेठाणी, सगळ्यांना तेच वाक्य.

पेशंट एकेक नमुने. आमच्या भागात खर्रा फार. तंबाखू, सुपारी, चुना घोटून पन्नीत बांधतात आणि दिवसभर गालात ठेवतात. वर्षानुवर्षं ठेवला की गाल आतून चामड्यासारखा होतो आणि तोंड उघडत नाही. एक राइस मिलवाले भाऊसाहेब टेबलावर आले. मॅडम म्हणाल्या, तोंड उघडा. दोन बोटं जातील एवढं उघडलं. त्या फटीतून मॅडमनी टॉर्च मारला, तर आत खर्रा!

"भाईसाब, कुछ खाना नहीं है, बोला था ना?"

"खाया कहाँ है मॅडम? बस रखा है."

त्याची चूक नव्हती, त्याच्या हिशेबानं ते खाणं नव्हतंच. आमच्याकडे "काही खाऊ नका" म्हणून भागत नाही. चहा नाही, पेज नाही, खर्रा नाही, गुडाखूनं, म्हणजे तंबाखूच्या पेस्टनं, दात घासायचे नाहीत, देवाचा प्रसाद नाही, असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. ते काम पुढं माझ्याकडेच आलं. मी बायांना दरडावून विचारायचो, "माय, गुडाखू लावली का?" त्या म्हणायच्या, "थोडीशीच, बापू." मग ऑपरेशन पुढं.

भूल उतरतानाची एक गंमत सांगतो. गोंदिया शहरात सगळे हिंदी झाडतात. पण भूल उतरते तेव्हा माणूस आधी घरच्या बोलीत बोलतो. बँकेतले एक साहेब, पूर्ण वेळ माझ्याशी कडक हिंदीत. जागे होताना पवारीत आईला हाका मारायला लागले. आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडचा एक वनमजूर गोंडीत कुणाला तरी रागावत होता, मला एक शब्द कळला नाही, पण बायकोलाच रागावत असणार हे सूर ऐकून समजलं. मॅडम म्हणायच्या, मेश्राम, तुम्ही भुलीत काय बोलाल? मी म्हटलं, मला भूल द्यायची पाळी येऊ देऊ नका.

पाळी आली ती पंचफुलाची.

तिचं घोरणं आमच्या वस्तीत माहीत होतं. धान भरडायचं हलर चालतं तसा आवाज. लग्न झालं तेव्हा मी कानात कापूस घालायचो. मग सवय झाली. पण घोरता घोरता मध्येच आवाज बंद व्हायचा. एकदम गप्प. मग जोरात हिसका बसायचा, पंपात अडकलेली हवा सुटावी तसा गळ्यातून आवाज, आणि हलर पुन्हा चालू. मला वाटायचं, बरं झालं, जरा थांबली. दिवसा ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली की सुपावरच मान टाकायची. माझी माय तिला आळशी म्हणायची. ती डोळे चोळून पुन्हा निवडायला लागायची.

मॅडमच्या हाताखाली शिकलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. लोक घोरण्याला नावं ठेवतात. घोरणं म्हणजे निदान हवा चालू आहे. वाईट असतं ते मधलं गप्प राहणं. मी एकदा ती गप्प झाली तेव्हा नाकासमोर तळहात धरला. छाती हलत होती आणि वारा नव्हता. हनुवटी पुढं उचलली, वारा आला. तेव्हापासून घरी पण माझी तीच ड्युटी.

पुढं तिचा डावा जबडा फुगला. फोटो काढला तर हाडात गाठ. दातवाले सर म्हणाले, गाठ हाड पोखरून राहिली आहे, एक दिवस भात चावताना जबडा मोडेल. काढावीच लागेल, पूर्ण भूल देऊन.

भुलीच्या आधी मॅडम प्रत्येकाची चौकशी करतात. पंचफुलासोबत त्या दिवशी आमची व्याहीण आली होती, कौसल्याबाई. माझी पोरगी सुनंदा दवनीवाड्याला दिली आहे, तिची सासू. आता हे समजून घ्या. व्याहीण बाजूला बसली असताना आमची बाई भाकर पण मोजून खायची. तिथं मॅडमनी विचारलं,

"झोपेत घोरता का?"

"नाही बाई."

"दिवसा झोप येते?"

"कामाच्या बाईले दिवसा कोठची झोप?"

"झोपेत श्वास अडकतो, असं कुणी सांगितलं का?"

"मी तं मांजरीवानी झोपते. आवाज नाही का काही नाही."

मी भिंतीला टेकून उभा होतो. थिएटरमध्ये मी पाहिलं होतं, चांगला गळा असलेल्या माणसाची जीभ मागं पडते तेव्हा काय होतं. हिचा गळा तर साध्या झोपेतच बंद पडायचा. मॅडमला माहीत नसतं आणि दुसऱ्या पेशंटसारखी हिलाही औषधं दिली असती, तर माझं "उठा, झालं" कुणी ऐकलं नसतं.

मॅडमनी पेन ठेवला. म्हणाल्या, "झोपणाऱ्याला स्वतःची झोप माहीत नसते. बाजूला कोण असतं, त्याला विचारते. मेश्राम?"

"घोरते मॅडम. आणि मध्येच श्वास बंद पडतो. मी हनुवटी उचलतो तेव्हा चालू होतो. पुष्कळ वर्षं झाली."

पंचफुलानं पदर ओढला.

"खोटं बोलून राहिले हे. हेच घोरतात. आन नाव माह्यावर."

"पंचफुला, आता कायले—"

"मले नाही कराचं ऑपरेशन! मोडला जबडा तं मोडू द्या. चाला वो कौसल्याबाई."

आणि उठलीच. दरवाजापर्यंत गेली. माझं तिच्यापुढं कधी चाललं नाही आणि त्या दिवशी तर मी बोलून बसलो होतो. मॅडमही गडबडल्या. उठली नाही ती फक्त व्याहीण. कौसल्याबाई बाकावर तशीच बसून म्हणाली,

"कायचं एवढं वो? मी घोरली का आमचं मानूस खाट उचलून गोठ्यात जाते. बैल बरे म्हणते. तुमच्यावाल्यानं तं हनुवटी धरली. बसा खाली."

आधी मॅडम हसल्या, मग दारातली नर्स. पंचफुला हसली नाही, पण बसली. आणि मग एकेक सांगायला लागली. सकाळी डोकं जड असते, झोपून उठली तरी थकलेलीच असते, एकदा चुलीपुढं डुलकी लागून पदर जळता जळता राहिला. हे मला पण माहीत नव्हतं.

मॅडमनी ऑपरेशन पुढं ढकललं. नागपूरला झोपेची तपासणी केली. ती जे सांगायला लाजत होती ते तिथं कागदावर निघालं. मग नाकावर लावायची मशीन आली, झोपताना वारा आत ढकलणारी. पंचफुलानं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हे लावून झोपली तं चोर घरात येऊन मलेच भिऊन पळीन." पण ऑपरेशनपर्यंत मशीन लावली, मॅडमचा धाक होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुसऱ्यांना झोपेची गोळी मिळते, तिला दिली नाही. गुडाखूची डबी मी खिशात घालून ठेवली. टेबलावर उशाकडची बाजू उंच केली. मॅडम म्हणाल्या, "मेश्राम, तुमची बायको आहे. हात थरथरला तर बाहेर जायचं." मी म्हटलं, "घरी कधी थरथरला नाही."

सरांनी गाठ काढली, सोबत तीन दाढा गेल्या. नंतर खरं काम. मॅडमनी नळी काढायची घाई केली नाही. सर हातमोजे काढून घड्याळाकडे पाहात होते. मॅडम म्हणाल्या, "सर, चहा घ्या. ही बाई पूर्ण जागी होईपर्यंत मी नळी काढणार नाही." पंचफुलानं डोळे उघडले, मॅडमनी सांगितलं तसा हात दाबला, तेव्हा नळी निघाली. तिला बसती केली. मी हनुवटी धरली आणि तळहात नाकासमोर नेला. वारा लागला. ओलसर, गरम.

"ऊठ वो, झालं."

तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. गळा बसलेला, तोंडात बोळा, तरी पहिलं वाक्य निघालं ते असं:

"तुमी घोरता ते... सांगलं का... मॅडमले?"

मॅडमना इतकं हसू आलं की त्यांनी तोंड फिरवलं. मी माझ्या नोकरीत अनेक माणसं भुलीतून परत येताना पाहिली. भांडण घेऊन परत आलेली ही एकच.

त्यानंतर आम्हाला पुष्कळ चांगले दिवस मिळाले. मशीन तिनं काही दिवस लावली आणि मग पेटीत टाकली. "कान दुखते, नाक सुकते, लाइन जाते." मशीनसाठी मी तिच्याशी आणखी भांडायला पाहिजे होतं. ते राहिलं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी मशीन लावावी, माझ्यासारखं हाताच्या भरवशावर राहू नये. हाताला झोप लागते, मशीनला लागत नाही.

मशीनच्या बदल्यात तिनं एक तोडगा मान्य केला. मॅडमनीच सांगितला होता, उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. म्हणून ब्लाउजच्या पाठीला आतून खिसा शिवून तिनं त्यात रबरी चेंडू घातला. उताणी झाली की चेंडू टोचायचा आणि ती कुशीवर वळायची. सुनंदा माहेरी आली की हसायची, "माय, तुले तं कुबड आलं." पंचफुला म्हणायची, "तुह्या बापाच्या नोकरीनं आलं." आणि कौसल्याबाई आली की दोघी व्याहिणी घोरण्याच्या गप्पा मारायच्या, जसं दुसऱ्या बाया साड्यांच्या मारतात.

आता त्या सकाळचं सांगतो.

ती घोरत होती आणि मी शिंगाडे सोलत होतो. चेंडू पाठीला होता, कुशीवरच होती. हलर थांबलं. मी सोलत राहिलो, कारण ते थांबायचंच. हिसक्याची वाट पाहिली. हिसका आला नाही. शिंगाडा टाकला, हनुवटी धरली, पुढं उचलली. तळहात नाकासमोर धरला. छातीही हलत नव्हती. शेजाऱ्यांना हाक मारली, कुणी छाती दाबली, कुणी गाडी बोलावली. मी हनुवटी सोडली नाही. "ऊठ वो, झालं," म्हटलं. किती वेळा म्हटलं माहीत नाही. डॉक्टरनी पाहिलं आणि सांगितलं, हृदय बंद पडलं. म्हणाले, झोपेतच गेली, तिला काही कळलं नसेल. झोपेबद्दल आणि कळण्याबद्दल मला थोडं माहीत आहे, म्हणून ते मी मानलं. पोटभर शिंगाडे खाऊन, मला दोन शब्द सुनावून, उन्हात झोपून गेली. याच्यापेक्षा चांगलं मी तिच्यासाठी काय मागितलं असतं? मागितले असते ते आणखी दिवस.

सगे सगळे जवळचे. दिवस मावळायच्या आत माती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला आणि सायकल बाहेर काढली. अंगणात बाया बसल्या होत्या. सुनंदा धावत आली.

"बाबा, कुठं जाऊन राहिले?"

"ड्युटीले. आज ऑपरेशनं हायेत, आधीच सांगून ठेवलं हाये."

"आज? लोक काय म्हणतीन?"

"आपल्यात सुतक नाही. तुह्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. मंग घरी बसून काय करू?"

ती रडायला लागली. कौसल्याबाई भिंतीशी बसली होती, डोळे सुजलेले. ती म्हणाली, "जाऊ दे वो त्याहीले. त्याहीच्या हातचं काम हाये."

दवाखान्यात मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मॅडमनी घरी पाठवलं असतं. पहिलीच पेशंट नवेगाव बांधाकडची म्हातारी, जबड्यात गाठ. टेबलावर घेताना घाबरली होती, माझा शर्ट सोडत नव्हती. विचारत होती, "बापू, मी उठीन ना?" मी कुणाला आधी तसं सांगत नाही. फक्त विचारलं, "गुडाखू लावली का?" ती म्हणाली, "नाही, बापू. तुह्या गळ्याशपथ."

ऑपरेशन झालं, नळी निघाली. मॅडम म्हणाल्या, "मेश्राम, हनुवटी."

मी उशाशी बसलो. जबड्यामागं बोटं लावली, पुढं उचललं. दुसरा तळहात नाकासमोर धरला. आधी काहीच नाही. मी बोटं थोडी सरकवली, आणखी उचललं. मग तळहाताला वारा लागला. थांबला नाही, येत राहिला. मी तसाच बसून होतो. म्हातारीच्या पापण्या हलल्या.

मी म्हटलं, "उठा माय, झालं."

आणि ती उठली.